जुन्या प्लेअर पियानोतलं चामडं बदलताना: सील करावं का, किती आणि कशानं?

ओहायोकर

क्लीव्हलंडजवळच्या एका घरातून १९२० च्या दशकातला उभा प्लेअर पियानो, म्हणजे कागदाच्या रोलवरून स्वतःच वाजणारा पियानो, आमच्याकडे आला आहे. आत न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड न्यूमॅटिक ॲक्शन कंपनीची यंत्रणा आहे. हाताने वाजवला तर पियानो छान बोलतो. रोल चढवून पायडल मारले की मात्र मोजके सूर कसेबसे उठतात, बाकीचे ढिम्म. म्हणून स्टॅक, म्हणजे सगळे पाऊच, व्हॉल्व्ह आणि छोटे भाते असलेला भाग, बाहेर काढून खोलला आणि चामड्यापाशी येऊन थांबलो आहे.

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. भोकं पाडलेला कागदाचा रोल पितळेच्या एका पट्टीवरून सरकतो, तिला ट्रॅकर बार म्हणतात. १९०८ साली बफेलो शहरात कारखानदारांनी एकत्र बसून मापं ठरवली. तेव्हापासून ८८ सुरांच्या रोलला इंचाला नऊ भोकं हेच प्रमाण आहे. पायडल मारल्यावर यंत्रातली हवा खेचली जाते. आपल्या हातपेटीत भाता हवा दाबतो, इथे सगळा कारभार उलट, शोषणाचा. रोलचं भोक पट्टीवरच्या भोकासमोर आलं की बाहेरची हवा नळीतून आत शिरते आणि चामड्याच्या पातळ गोल चकतीला, म्हणजे पाऊचला, खालून फुगवते. पाऊच वरच्या व्हॉल्व्हला उचलतो. व्हॉल्व्ह उघडला की त्या सुराचा छोटा भाता मिटतो आणि मिटताना पियानोची हातोडी हलवतो. असे ८८ संच, प्रत्येकाला एक पाऊच आणि एक व्हॉल्व्ह.

माझ्या पियानोतले बरेच पाऊच तांबूस पडलेत. बोट फिरवलं तर बोटावर विटकरी भुकटी येते. व्हॉल्व्हच्या चामड्यावर बैठकीचा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेचा, चकचकीत गोल वण उमटलाय आणि तेवढा भाग कडक झालाय. शिवाय मधल्या काळात कुणीतरी काही पाऊच बदलून कडेने सिलिकॉन भरलेलं आहे, ते तर निघतच नाही.

प्रश्न असे: नवीन चामडं कोणतं घ्यावं? ते सील करावं का, म्हणजे हवा आरपार जाऊ नये म्हणून त्यावर काही लावावं का, आणि कशाने? सरस वापरू की आजचा एखादा गोंद? जुन्या चामड्याला तेल पाजून ते वाचेल का?

पायपेटी_गिरगाव

प्लेअर पियानो मी कधी उघडलेला नाही, पण नाटकाचा ऑर्गन उघडलाय. संगीत नाटकात साथीला असायचे त्यांतले पुष्कळ ऑर्गन अमेरिकन पद्धतीचे, हवा खेचणारे. पायडल मारले की भाता रिकामा होतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत येते. त्यामुळे तुमचं 'उलट कारभार' हे लगेच कळलं.

आमच्याकडच्या ऑर्गनमध्येही पट्टीखालच्या झडपांचं चामडं असंच वण पडून कडक झालं होतं आणि एक सूर हात उचलल्यावरही बारीक बोलत राहायचा. नवीन चामडं लावल्यावर तो गप्प झाला. त्या झडपांना सील वगैरे काही केलं नव्हतं. तुमच्या पाऊचचं काय ते जाणकार सांगतील. धागा वाचतोय.

हिरडा_बाभूळ

कोल्हापूरचा आहे, चामड्याच्या धंद्यात आयुष्य गेलं. पियानोतलं कळत नाही, पण भुकटी का होते ते सांगू शकतो.

तुम्ही ज्याला तांबूस भुकटी म्हणता त्याला इंग्रजीत रेड रॉट म्हणतात. वनस्पतींच्या सालीने, फळांनी कमावलेल्या चामड्याचा हा रोग. कोळसा जळतो तिथे हवेत सल्फर डायऑक्साइड असतो. चामडं तो शोषून घेतं आणि हळूहळू आत गंधकाचं आम्ल तयार होतं. आम्ल तंतू तोडतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तुमच्या भागात घरोघरी कोळशाच्या भट्ट्या होत्या, कारखान्यांचा धूर वेगळाच. त्या हवेत काढलेली वर्षं तुमच्या पियानोच्या चामड्यात जमा आहेत.

यातही फरक असतो. बाभळीची साल, तरवडाची साल यांच्या टॅनिनने, म्हणजे त्यांतल्या तुरट द्रव्याने, कमावलेलं चामडं आम्लाला लवकर बळी पडतं. हिरडा किंवा युरोपातलं सुमाक यांच्या टॅनिनचं चामडं जास्त टिकतं. आपल्या दक्षिणेत तरवडाने कमावलेली शेळी-मेंढीची कातडी इंग्लंडला ढिगाने जायची. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्यासाठी समिती नेमली होती. तिच्या १९०१ च्या अहवालात टिकाऊपणात याच मालावर ठपका आहे. तुमच्या पियानोत नेमकं कुठलं कातडं आहे हे इथून सांगता येणार नाही, पण रोग ओळखीचा आहे.

तेलाबद्दल स्पष्ट सांगतो. तंतू तुटले की तेल त्यांना जोडत नाही. भुकटी तेवढी ओली होते, रंग गडद होतो, आणि चामडं सुधारल्यासारखं दिसतं. शिवाय तेलकट लाकडावर पुढे सरस धरत नाही. सगळं बदला. जे पाऊच आज बरे दिसतात तेसुद्धा, कारण ते त्याच कातड्यातले आहेत आणि त्यांनी तीच हवा खाल्ली आहे.

आणि कोल्हापुरी चपलेचं चामडं मागवायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो सोडा. ते जाड, भक्कम चामडं पायाखाली घालायचं, वाऱ्याच्या फुंकरीने हलायचं नव्हे.

ओहायोकर

हिरडा_बाभूळ, मनापासून आभार. 'सगळं बदला' हे ऐकायला जड गेलं, पण पटलं. आज चांगल्या दिसणाऱ्या पाऊचपैकी एक काढून बोटांवर हलकेच ताणून पाहिला. कागद फाटावा तसा कडेला फाटला.

मेघना_बर्मिंगहॅम

नमस्कार. इंग्लंडमध्ये हेच काम करते, पियानोला आणि प्लेअर पियानो दोन्ही. एडविन व्होटीने १८९५ साली डेट्रॉइटमध्ये पहिला पियानोला उभा केला तेव्हा तो पियानोपुढे ढकलत आणायचा वेगळा कपाटासारखा डबा होता. लाकडी बोटांनी तो पियानोच्या पट्ट्या दाबायचा. नंतर तीच यंत्रणा पियानोच्या पोटात गेली. पाऊच आणि व्हॉल्व्हचं तत्त्व मात्र तेच राहिलं, म्हणून खालचं सगळं दोन्हींना लागू आहे.

आधी एक गोष्ट घट्ट धरा. पाऊचचं चामडं आणि व्हॉल्व्हचं चामडं यांना एकच नियम लावू नका. पाऊचमधून हवा आरपार जाता कामा नये आणि तरी तो अगदी मऊ हवा. व्हॉल्व्हच्या चामड्याने बैठकीवर टेकल्यावर झाकण घालायचं असतं. ते काम त्याची मखमली लव करते. लवेवर काहीही फासलंत की ती लव मेली. मग व्हॉल्व्ह टक् टक् वाजतो आणि कडेने गळतो. व्हॉल्व्हला नवं, एकसारख्या जाडीचं, लव असलेलं चामडं लावायचं, ते सपाट बसलंय ना बघायचं, आणि सील करायला जायचं नाही. पायपेटीच्या झडपांना सील केलं नव्हतं ते बरोबरच होतं.

आता पाऊच. सील का करायचं हे समजलं की किती करायचं ते आपोआप कळतं. प्रत्येक पाऊचच्या खालच्या पोकळीतून वरच्या ओढीच्या कप्प्यात जाणारं एक बारीक भोक असतं, त्याला ब्लीड म्हणतात. साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचं. रोलचं भोक सरकून गेलं आणि पट्टी झाकली गेली की पाऊचखाली अडकलेली हवा या ब्लीडमधून निघून जाते, पाऊच बसतो, सूर सुटतो. चामडं सच्छिद्र असेल तर ते स्वतःच दुसरं ब्लीड होऊन बसतं. आत आलेली हवा पाऊचला उचलण्याऐवजी चामड्यातूनच पळते. जोरात वाजवताना हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा ओढ, म्हणजे शोषणाचा जोर, पाण्याच्या ३० इंचांच्या आसपास असते (नळीतलं पाणी जितके इंच वर खेचलं जाईल तितकी). मंद वाजवताना ओढ ५-६ इंचांवर येते आणि नेमके तेव्हाच सूर गळायला लागतात. प्रत्येक पाऊचची सच्छिद्रता वेगळी म्हणून प्रत्येक सुराची चालही वेगळी.

म्हणजे सील करायचं ते ८८ पाऊच एकसारखे व्हावेत म्हणून. हवा सोडायचं काम ब्लीडने करावं, चामड्याने नाही.

पण सीलचा थर चामड्याला ताठ करतो. ताठ पाऊच मंद ओढीत उठत नाही. म्हणजे गळका पाऊच आणि जास्त सील केलेला पाऊच यांचा दोष बाहेरून सारखाच ऐकू येतो, मंद जागी सूर हरवतो. कित्येक जण हे पाहून आणखी एक थर चढवतात.

माझी पद्धत: पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, एकसारखं, मऊ पाऊचचं चामडं घ्यायचं. कातडं उजेडासमोर धरून पाठीच्या कण्याकडचा आणि पोटाकडचा भाग बघायचा. पोटाकडचा भाग सैल असतो, तो वापरायचा नाही. चकत्या कापल्या की प्रत्येक चकती आधी तपासायची. जी मुळातच घट्ट आहे तिला काही लावत नाही. बाकीच्यांना रबर सिमेंट (रबराचा गोंद) नॅफ्थ्यामध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रावकात, भरपूर पातळ करून एकच हात, व्हॉल्व्हला टेकणार नाही त्या बाजूने. कड मात्र कोरी ठेवायची, कारण रबरावर सरस धरत नाही. वाळल्यावर टाल्कम पावडर लावून झटकायची, नाहीतर चिकटपणा राहतो.

नॅफ्था लवकर पेटतो. हे काम उघड्यावर करा, आणि सरसाची शेगडी त्या खोलीत नको.

सूरदुरुस्ती

पुण्यात पेट्या दुरुस्त करतो. मेघनाताईंनी पाऊचचं इतकं नीट सांगितलंय की त्यात भर घालायची नाही, गोंदाविषयी बोलतो.

सरसच वापरा. पेटीच्या भात्याचे कोपरे, पट्ट्यांखालचं चामडं, सगळं जुन्या कारागिरांनी सरसाने लावलेलं असतं आणि त्यामुळेच आज मला ते काढता येतं. कोमट पाण्याचा ओला बोळा कडेवर थोडा वेळ ठेवला की सरस मऊ होतो आणि चामडं सालीसारखं सुटतं, लाकूड जसंच्या तसं. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं काढायला गेलं की लाकडाचे तंतू बरोबर येतात. मग बैठक उंचसखल होते आणि नवीन चामडं गळतं. सिलिकॉनचं तर विचारू नका. ते खरवडलं तरी लाकडाच्या रंध्रात राहतं आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्याच्या आम्लाने जवळचं पितळही काळं पडतं.

तुमच्या त्या सिलिकॉन भरलेल्या जागा खरवडून भागणार नाहीत. तेवढा वरचा थर पातळ कापून काढा आणि त्या जागी लाकडाची चकती बसवा. वेळ लागतो, पण दुसरा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

सरस दुहेरी भांड्यात, बाहेर पाणी, आत सरस. साधारण ६० अंश सेल्सिअस. उकळू द्यायचा नाही, उकळला की जोर जातो. पाऊचच्या कडेला पातळ पण पूर्ण वर्तुळ द्या. कुठे खंड पडला तर तिथूनच हवा जाणार.

दापोलीकर

सूरदुरुस्ती काका, एक शंका. कोकणात पावसाळ्यात सरस ओल धरतो, बुरशी येते. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीच्या भात्याचं चामडं दोनदा सुटलं. शेवटी आजचा गोंद लावला तेव्हा टिकलं. मग सरसाचा आग्रह सगळीकडे कसा धरायचा?

सूरदुरुस्ती

दापोलीकर, तुमचं म्हणणं खरं आहे. देवळात, दमट हवेत, रोज उघडी राहणारी पेटी असेल तर भात्याच्या बाहेरच्या अंगाला आजचा गोंद मीही लावतो. तिथे चामडं फार तर पट्टी कापून पुन्हा बदलता येतं. आतल्या झडपा आणि सुरांची जागा मात्र सरसानेच. ओहायोत घर हिवाळ्यात तापवतात, हवा कोरडी असते, तिथे सरसाला ओलीचा धोका कमी. पेटी कुठे राहणार आणि तो भाग पुन्हा उघडायचा आहे का, हे बघून ठरवायचं.

आणि पावसाळ्यानंतर पेटीत कसर लागली आहे का ते बघत जा. चामडं सुटण्याइतकंच नुकसान कसर करते.

टांझा

मेघना यांच्या रबर सिमेंटशी असहमत. नैसर्गिक रबर हवेने खराब होतं. काही वर्षं छान, मग एकतर चिकट नाहीतर कडक. मी न्यू जर्सीत एका ओळखीच्यांच्या प्लेअर पियानोत पिवळे, कडक झालेले पाऊच पाहिलेत, फासलेलं रबरच होतं. त्यापेक्षा चामडंच इतकं चांगलं घ्यावं की काही फासायची वेळ येऊ नये. अंड्यातलं पांढरं लावायची पद्धतही जुनी आहे म्हणतात, तिचं काय?

मेघना_बर्मिंगहॅम

टांझा, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच चकती आधी तपासा म्हटलं. हल्ली मिळणाऱ्या चांगल्या कातड्यातल्या बऱ्याच चकत्यांना काही लागत नाही. तुम्ही पाहिलेला कडकपणा दाट थराचा असावा. पातळ एकच हात दिला तर रबर चामड्याच्या रंध्रांत राहतं, वर पापुद्रा होत नाही आणि त्यामुळे ते म्हातारं झालं तरी पाऊच वाकतो. तरीही माझं मत असंच आहे: न लावता चालत असेल तर लावू नका.

अंड्याचं पांढरं मी वापरत नाही. ते वाळून ताठ होतं आणि किड्यांना खाऊ मिळतो.

चकती तपासायची जुनी रीत म्हणजे नळीला तोंड लावून हवा ओढायची, नळीचं टोक जिभेने बंद करायचं आणि ओढ किती वेळ टिकते ते बघायचं. कृपया हे जुन्या नळ्यांवर करू नका. बऱ्याच जुन्या यंत्रांत नळ्या शिशाच्या असतात आणि त्यांवर शिशाचा पांढरा क्षार जमतो. तो तोंडात जाणं धोक्याचं आहे. घरात लहान मुलं असतील तर अशा नळ्या हाताळताना हातमोजे घाला आणि ओल्या फडक्याने पुसा, झटकू नका.

त्याऐवजी पाण्याची नळी बनवा. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर ठोकायची, अर्धी रंगीत पाण्याने भरायची, बाजूला इंचांच्या खुणा. एक टोक पाऊच बसवलेल्या ठोकळ्याला जोडायचं, पिचकारीने हवा ओढायची आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक किती वेगाने उतरतो ते बघायचं. एका हाताने कागदावर क्रमांक लिहीत जायचं. एकदा हात बसला की झटपट होतं.

पायपेटी_गिरगाव

हे पाण्याच्या नळीचं आवडलं. ऑर्गन तपासताना आम्ही नुसता भाता ओढून ठेवायचो आणि तो किती वेळात परत भरतो ते बघायचो. त्यातून गळती आहे एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

ओहायोकर

मेघनाताई, पाऊच बसवताना तो किती सैल ठेवायचा? आणि लाकडातली हवेची वाट, जिथून नळीची हवा पाऊचखाली येते, तिलाही काही लावावं लागतं का? आत लाकूड कोरडं, उघडं दिसतंय.

मेघना_बर्मिंगहॅम

वाटेला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तीच. पातळ करून आत ओतायची, फिरवायची, उरलेली बाहेर काढायची, वाळू द्यायची, पुन्हा एकदा. बरेचदा पाऊचला दोष दिला जातो आणि हवा खरी जात असते ती लाकडातल्या बारीक भेगेतून शेजारच्या वाटेत. मग एक सूर दाबला की शेजारचाही कुजबुजतो. लाख ब्लीडमध्ये जाता कामा नये, आधी काडी घालून ठेवा. पाऊचच्या कडेच्या जागेवरही लाख नको, तिथे सरस लाकडाला धरला पाहिजे.

सैलपणा जुन्या पाऊचवरून मोजा, काढण्यापूर्वी. स्टॅकच्या मापाप्रमाणे तो बदलतो. लाकडाचा एक गोल ठसा घडवून घ्या, सगळे पाऊच एकाच खोलीला दाबले जातील असा. ताणून लावलेला पाऊच उठत नाही, फार सैल लावलेला उठायला वेळ घेतो.

यापुढचं माप फार महत्त्वाचं. पाऊच खाली बसलेला असताना त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये थोडी फट हवी. ती नसेल तर व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बसणार नाही आणि सगळी ओढ तिथून जात राहील. नवं चामडं जुन्यापेक्षा जाड असेल, व्हॉल्व्हवरचं नवं चामडंही जाड असेल, तर फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्हची चालही कमी होते. ही चाल साधारण पाऊण ते एक मिलिमीटर असते. एका व्हॉल्व्हवर चामडं बसवून मोजल्याशिवाय सगळं चामडं मागवू नका.

हिरडा_बाभूळ

जाडीचं सांगायचं तर कातडं विकत घेताना एका ठिकाणी मोजून विश्वास ठेवू नका. मानेकडे, कण्यावर आणि पोटाकडे मोजा. चांगला व्यापारी मोजू देतो.

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं. व्हॉल्व्हचं आणि पाऊचचं चामडं दोन-तीन जाड्यांचे तुकडे नमुन्यादाखल मागवलेत. स्टॅकच्या एका टोकाचे पाऊच आधी करतो: काही बिनसीलचे, काही पातळ रबराचा एक हात दिलेले, सगळे सरसाने. सिलिकॉनच्या जागी लाकडाच्या चकत्या बसवायला घेतल्यात. कुठल्या सुराला काय लावलं ते स्टॅकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितोय. पाण्याच्या नळीची फळी तयार झाली की जुन्या पाऊचची मापं इथे टाकतो, म्हणजे नव्यांशी ताडून बघता येतील.

टांझा

मंद ओढीची मापं आधी टाका, ५ इंचांवरची. ३० वर सगळेच उठतील.